टेकूला फाटे फुटत नाहीत

"टेकूला फाटे फुटत नाहीत, एवढं लक्षात ठेव," असं मामांनी तिला कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "मामा, मग तुम्हीही नका फोडू." शेजारच्या धुलाईखात्यातल्या दोघी बायका खो-खो हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी एका कागदावर जाड पेनाने तेच वाक्य लिहिलं, कागद भिंतीला चिकटवला आणि जेवायला निघून गेले. पुढे तिची मुलगी पाळणाघरात जायला लागली, तेव्हा तिथलं वेळापत्रक लावायला भिंतीवर दुसरी जागा मिळेना. तिने ते त्या कागदावरच लावलं.

खोली इस्पितळाच्या तळघरात होती. एका बाजूला धुलाईखातं, दुसऱ्या बाजूला जुन्या कागदांची कोठी. खिडकी नव्हती. दारावरच्या पाटीवर भलंमोठं नाव होतं, पण सगळं इस्पितळ त्या खोलीला डोकीखातं म्हणायचं. वरून रोग्याच्या डोक्याचे स्कॅन यायचे, म्हणजे पावाच्या कापांसारख्या पातळ कापांचे दोन-अडीचशे फोटो. ती स्क्रीनवर बसून एकेक काप रंगवायची : हे हाड, ही रक्तवाहिनी, ही गाठ. रंगवलेले काप एकावर एक रचले की यंत्र त्याचं हातात धरता येईल असं मॉडेल छापून द्यायचं. यंत्रं दोन होती आणि माणसंही दोनच, ती आणि मामा, ज्यांना सगळं इस्पितळच मामा म्हणायचं. मोठ्या यंत्राला मामा थोरली म्हणत आणि छोट्याला धाकटी, आणि दोघींचं आपसात पटत नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

टेकू म्हणजे काय, हेही सांगायला हवं. यंत्र चिकट द्रवातून थरावर थर चढवत जातं. त्यात एखादा भाग हवेत लोंबकळत असला तर तो खाली येऊ नये म्हणून यंत्र आपणहूनच त्याच्याखाली काड्या उभ्या करतं. त्या काड्या म्हणजे टेकू. मॉडेल बाहेर आलं की धुवायचं, टेकू चिमट्याने मोडून काढायचे, टोकं घासायची आणि मग दिव्याखाली ठेवून पक्कं करायचं. अडचण एकच. टेकू काय, हाड काय, रक्तवाहिनी काय, सगळं एकाच रंगाचं निघायचं, जुन्या कवळीच्या रंगाचं. ही उपमा मामांची. या खात्यात यायच्या आधी ते वीस वर्षं कवळ्या बनवत होते. कोणी विचारलं तर सांगायचे, "आधी तोंडात होतो, आता जरा वर सरकलो."

टेकू काढायला ती चिमटा वापरायची आणि मामा कानकोरणं. कानकोरणं पितळेचं होतं, त्यांचं स्वतःचं होतं आणि ते त्याने कानही कोरत असत, असा धुलाईखात्यातल्या बायकांचा आरोप होता.

तिच्याबद्दल सांगायचं तर ती पदवीधर होती, हुशार होती आणि तिला सदा कसली ना कसली धास्ती असायची. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिने फोम चिकटवला होता. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते मुलीच्या ताटलीत जात नसे. मुलगी अडीच वर्षांची, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. ती दिसली की आईचा पहिला प्रश्न ठरलेला : "तोंडात काय?" हा प्रश्न भिंगरीने इतक्या वेळा ऐकला होता की आई समोर आली की ती काही न विचारताच आ करायची. पाळणाघरातल्या बाईंना वाटायचं, पोरीला सारखी भूक लागते.

नवरा म्हणायचा, "अगं, दुसऱ्यांच्या पोरी आईला बघून हात पसरतात."

"हात पसरून घशातलं दिसत नाही," ती म्हणायची.

मामांची गाठ सापडली तीसुद्धा तिच्या या सवयीमुळेच. मामा दारातून आत येताना चौकटीला खांदा आपटायला लागले. एकदा डावा, एकदा उजवा. "दार अरुंद झालंय," म्हणाले. तिने दार मोजलं. ते होतं तेवढंच होतं. मग टेबलाच्या कडेला ठेवलेला चहा त्यांना दिसेना. तिने कप हळूच डावीकडे सरकवून पाहिला, मग उजवीकडे सरकवून पाहिला. दोन्ही वेळेला मामांनी "चहा नाही आला अजून?" असं विचारलं. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना दंडाला धरून वर नेलं. मामा जिन्यात म्हणत होते, "उगाच डोकं खाऊ नकोस माझं." डोक्याच्या खात्यातच जात असल्यामुळे तिने उत्तर दिलं नाही.

दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे अक्रोडाएवढी गाठ निघाली. गाठ साधी होती, पण जागा वाईट होती. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, काढायची, आणि लवकर. या डॉक्टरबाई अवघड ऑपरेशनच्या आधी मॉडेलवर दोनदा हात फिरवून बघत. कवटीतून कुठून शिरायचं, कशाला धक्का लावायचा नाही, हे सगळं त्या निळ्या पेनाने मॉडेलवर आखून ठेवत.

मामांनी एकच अट घातली. "माझं डोकं हिने करायचं. आणि थोरलीवर. धाकटीवर केलंत तर मी सही करणार नाही."

मामांना बायको नव्हती, मुलं नव्हती. जवळचा नातेवाईक या रकान्यात त्यांनी आधी 'थोरली' लिहिलं होतं. परिचारिकेने ते खोडायला लावलं, तेव्हा तिचं नाव घातलं.

सोमवारी तिने मामांचे काप रंगवायला घेतले. गाठीच्या मागून एक बारीक रक्तवाहिनी आली होती. गाठीने तिला रेटून रेटून पार पुढे आणलं होतं आणि पुढे आल्यावर तिचे दोन फाटे झाले होते. काप एकशे अठरा ते एकशे सव्वीस. तिने ती डोळ्यात तेल घालून लाल रंगवली. मंगळवारी थोरली दिवसभर घरघरत होती आणि ती घरी होती, कारण भिंगरीला ताप होता. बुधवारी सकाळी ती आली तेव्हा मॉडेल तयार होतं, टेकूंच्या जंगलात उभं.

एरवी ती एक मॉडेल साफ करायला अर्धा तास घ्यायची. मामांच्या मॉडेलला तिने अडीच तास घेतले. दुसऱ्यांच्या डोक्याला दोन-चार टोकं राहिली तरी चालत, मामांच्या डोक्याला राहून कसं चालेल? प्रत्येक काडी मुळापासून काढली. प्रत्येक खूण घासली. गाठीच्या पुढ्यात एक काडी जरा तिरकी उभी होती, तीही काढली आणि तिथली जागा तर इतकी गुळगुळीत केली की बोट घसरावं. रात्री दोनदा उठून ताप उतरल्याची खात्री केलेली, डोळे चुरचुरत होते. पण मॉडेल असं दिसत होतं की लग्नात मिरवायला न्यावं.

दुपारी मामा स्वतः खाली आले, इस्पितळाच्या कपड्यात, भिंतीला हात लावत लावत. धुलाईखात्यातल्या बायकांनी काम थांबवलं.

"आण इकडे," मामा म्हणाले. त्यांनी मॉडेल मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने चाचपायला लागले. "एवढंच होय? मला वाटलं होतं, मोठं निघेल."

"सगळ्यांनाच वाटतं," ती म्हणाली.

अंगठा फिरत फिरत गाठीपाशी आला आणि थांबला. पुढे गेला, परत मागे आला.

"हे इथे बोडकं का लागतंय?"

"बोडकं नाही, साफ आहे. अडीच तास घालवलेत मी."

"इतकं साफ असतं का कुठे? माझ्या डोक्यात?"

"मामा, दिसत तर काही नाही तुम्हाला, आणि फाटे मात्र फोडताय."

मामा काहीतरी म्हणणार होते, पण तेवढ्यात त्यांना घेऊन जायला परिचारिका आली आणि ती रागावलेली होती. जाताना मामांनी चौकटीला उजवा खांदा आपटला.

डॉक्टरबाईंनी मॉडेल वर नेलं, दोनदा हात फिरवला, निळ्या पेनाने वाट आखली आणि तिला फोन केला. "छान झालंय. समोरची वाट अगदी मोकळी आहे. उद्या आठला घेते."

वाट मोकळी आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं. दिवसभर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर चढवून ती पावणेसहाला पाळणाघराच्या फाटकापाशी पोचली. भिंगरी धावत आली, कडेवर बसली, तिच्या खांद्यावर डोकं घासलं, बाहीशी चाळा केला. फाटक ओलांडून दहा पावलं गेल्यावर तिने सवयीने मुलीकडे पाहिलं. भिंगरीने सवयीने आ केला.

जिभेवर काहीतरी पांढरट होतं.

"थू कर! थू!"

भिंगरी अगदी आज्ञाधारकपणे तिच्या तळहातावर थुंकली. नखाएवढी काडी होती. टेकू मोडताना उडून तिच्या स्वेटरच्या विणीत अडकली असणार आणि भिंगरीने ती आता शोधून काढली असणार. पुढची दहा मिनिटं ती फक्त आई होती. मुलीचं तोंड तीनदा धुतलं, मुलांच्या डॉक्टरांना फोन केला, हे पदार्थ पोटात गेले तर काय होतं ते विचारलं. गिळलंय का, त्यांनी विचारलं. नाही. मग पाणी पाजा आणि उलटी किंवा पुरळ दिसलं तर या, म्हणाले. तिने पाणी पाजलं. भिंगरीने परत आ केला. रिकामं होतं.

घरी आल्यावर ती काडी फेकणार तेवढ्यात नेहमीच्या खोडीने तिने ती दिव्याखाली धरली. कुठे तुटून अर्धी पोटात तर गेली नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं. काडी अख्खी होती. एका टोकाला सरळ होती आणि दुसऱ्या टोकाला तिला दोन फाटे होते.

ती खुर्चीत बसली. खुर्चीच्या पाठीलाही फोम लावलेला होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"ही मामांची रक्तवाहिनी आहे."

नवऱ्याने काडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "खरी?"

"खरी कशी असेल? मॉडेलची. मी टेकू समजून मोडली. उद्या आठला बाई तिथूनच आत जाणार आहेत. त्यांना तिथे काही दिसलंच नाही, कारण मी तिथे काही ठेवलंच नाही."

"नक्की तीच कशावरून? कदाचित..."

"टेकूला फाटे फुटत नाहीत," ती म्हणाली. तीन वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "नोकरी जाईल का गं?"

"जाईल बहुतेक, आई."

"मग आत्ताच जा. उद्या गेलीस तर नोकरी राहील आणि तो माणूस जाईल." त्यांनी घडी पुरी केली. "आणि हिलाही घेऊन जा, मघापासून रडवेली झालीय. तू दिसत नसलीस की उगाच आ करत बसते, बघवत नाही."

काडी तिने भिंगरीच्या खाऊच्या डब्यात ठेवली, झाकण दोनदा दाबलं आणि निघाली.

डॉक्टरबाई गाड्या लावायच्या जागी सापडल्या. गाडीचं दार उघडून पिशवी आत ठेवत होत्या. तिने धापा टाकत खाऊचा डबा पुढे केला.

"हे काय?"

"मामांची धमनी."

डॉक्टरबाईंनी डबा उजेडाकडे धरला. "मॉडेलवरची? कुठे होती ही?"

"मुलीच्या तोंडात."

डॉक्टरबाईंनी कडेवरच्या भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने आ केला.

"गिळलं तर नाही ना काही?"

"नाही."

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी परत बाहेर काढली.

तिघी तळघरात आल्या. तिने स्क्रीन लावला. एकशे अठरा ते एकशे सव्वीस. लाल रेघ होती, सोमवारी तिनेच रंगवलेली. सोमवारी तिनेच रंगवली होती आणि बुधवारी तिनेच मोडली होती. मॉडेलवर गाठीच्या पुढ्यात, जिथे बोट घसरत होतं तिथे भिंग धरलं तर मुळाची खूण दिसत होती. तिने चिमट्यात धरून काडी तिथे टेकवली. बरोब्बर बसली. निळ्या पेनाची रेघ तिच्या मधोमध आडवी जात होती.

डॉक्टरबाईंनी भिंग घेऊन स्क्रीन आणि मॉडेल पुन्हा ताडून पाहिलं. धुलाईखात्यातलं एक यंत्र तेवढं गरगरत होतं.

"स्कॅनमध्ये मला इथे काहीतरी शंका आली होती," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मॉडेलवर नव्हतं. म्हटलं, सावली असेल. मॉडेल इतकं स्वच्छ होतं."

"कापली गेली असती तर?"

"मामा शुद्धीवर आले असते. पण तुम्हाला, मला कोणालाही ओळखलं असतं की नाही, ते नाही सांगता येत." त्यांनी निळी रेघ बोटाने पुसायचा प्रयत्न केला. पुसली जाईना. "नवीन छापायला किती वेळ?"

"अकरा तास. आणि साफ करायला."

"साफ कमी करा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता लावा यंत्राला. उद्याचं परवा करते. आणि मामांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

तिने थोरली सुरू केली आणि भिंगरीला घेऊन वर गेली. मामा पलंगावर ताठ बसले होते, समोरच्या भिंतीकडे बघत. तेवढंच एक त्यांना नीट दिसत होतं.

"मामा, उद्याचं ऑपरेशन परवा झालंय."

"का? बाईंना सुट्टी?"

"माझ्याकडून एक टेकू जास्तीचा मोडला."

मामांनी मान तिच्याकडे वळवली. मग विचारलं, "फाटे किती होते?"

"दोन."

"कुठाय?"

तिने डबा उघडून काडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली, फाट्यांपर्यंत नेली, परत आणली. एका जागी नख थांबलं.

"चावलंय कोणी?"

"भिंगरीने."

"हं." मामांनी खुणेवरून परत नख फिरवलं. वीस वर्षांचा अनुभव होता. "दात सरळ येतायत पोरीचे. काळजी करू नकोस."

त्यावर तिला रडू कोसळलं. भिंगरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि कोणाला दाखवायचा ते न कळून दोघांनाही आ करून दाखवला.

"रडतेस कशाला?" मामा म्हणाले. "अजून माझं डोकं माझ्याकडेच आहे. तो कागद कुठाय? भिंतीवरचा?"

"वेळापत्रकाच्या खाली."

"मग आता वेळापत्रक खाली घाल. आणि चिमटा कपाटात ठेव. माझं कानकोरणं खणात आहे, ते घे. चिमट्याला कळत नाही तो काय धरतोय ते. कानकोरणं आधी विचारतं."

"ते तुम्ही कानात..."

"धुऊन घे."

गुरुवारी तिने नवीन मॉडेल कानकोरण्याने साफ केलं. टोकं राहिली, खुणा राहिल्या, एका बाजूने ते दाढी वाढल्यासारखं दिसत होतं. गाठीच्या पुढ्यात दोन फाट्यांची काडी उभी होती. तिला तिने श्वाससुद्धा लागू दिला नाही. डॉक्टरबाईंनी नवी वाट आखली, या वेळी बाजूने.

शुक्रवारी ऑपरेशन साडेपाच तास चाललं. ती खाली धाकटीजवळ बसून होती. तिने कोणाला विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. धुलाईखात्यातल्या बायका येऊन तिच्याजवळ चादरींच्या घड्या घालत बसल्या, म्हणाल्या, इकडे उजेड बरा आहे. तो बरा नव्हता. दुपारी दोनला डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. डोक्यावर अजून टोपी होती.

"होती," त्या म्हणाल्या. "अगदी तिथेच, आणि फाटे दोनच. मी बाजूने गेले. मामा शुद्धीवर आलेत. काय नाव, काय वार, असं मी विचारत होते, तर ते मला म्हणाले, आधी धाकटीवर केलं नाही ना, ते सांगा."

नोकरी गेली नाही. तिने स्वतः अहवाल लिहिला, घडलं ते सगळं, खाऊच्या डब्यासकट. वरून एक नियम आला : टेकू मोडल्यावर प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये मांडून स्कॅनशी ताडून पाहायचा, दोघांनी, आणि मगच मॉडेल वर पाठवायचं. नियमाचा कागद लावायला भिंतीवर जागा नव्हती. तिने पाळणाघराचं वेळापत्रक काढून घरी नेलं.

मामा सुट्टी घेऊन जे घरी गेले ते परत कामावर आले नाहीत. उजवीकडचं दिसायला लागलंय, डावीकडचं अजून पुरतं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत, येईल किंवा तेवढंच राहील, पण महिन्या-महिन्याने येऊन दाखवायला हवं. मामा या महिन्यात गेले नाहीत. ती दर रविवारी त्यांच्याकडे जायची. दोन रविवार झाले, जाता आलेलं नाही, कारण भिंगरीला कांजिण्या आल्या आहेत आणि त्या मामांना द्यायच्या नाहीत. नवरा आणि सासूबाईही याच घरातले, म्हणून तेही जाऊ शकत नाहीत. ती रोज फोन करते. मामा रोज "ठणठणीत" म्हणतात. पण परवा बोलता बोलता मागे काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला. ते म्हणाले, मांजर आहे. मामांकडे मांजर नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. बाजारामागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूला. तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर एकदा वर जाऊन दार वाजवा. ते दार उघडतील, ठणठणीत आहे म्हणतील, चहाचंही विचारतील. त्यावर विश्वास ठेवू नका. आत जा, त्यांच्या डाव्या हाताला उभे राहा, काही बोलू नका आणि बघा, ते तुमच्याकडे वळतात का. नाही वळले तर दंडाला धरून इस्पितळात डॉक्टरबाईंकडे न्या, ते जिन्यात काहीही म्हणाले तरी. आणि निघताना चौकटीकडे लक्ष असू द्या.